प्रमाण घोटा

“ओल्या गवतावर मशीन चालवू नका,” असं मला शेजारच्या मैदानकाकांनी शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी सांगितलं होतं. वेळ पक्की आहे, कारण मी ती लिहून ठेवली होती. लेक झाल्यापासून मला वेळा लिहायची सवय लागली आहे. सुरुवातीला दूध किती वाजता, शी किती वाजता, ताप किती, एवढंच लिहायचे. पुढे लेक मोठी झाली, वहीची पानं मात्र शिल्लक राहिली आणि त्यांत काका शिरले.

मैदानकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या क्रीडांगणाची हिरवळ राखण्यात त्यांची हयात गेली, म्हणून अख्खी सोसायटी त्यांना याच नावाने ओळखते. एकटे राहतात, आमच्याच तळमजल्यावर, भिंतीपलीकडे. आमच्या घरापुढे हिरवळीचा एक तुकडा आहे. जागा सोसायटीची, निगा आमची, अशी व्यवस्था. या तुकड्याकडे काका रोज सकाळी कुंपणाच्या भिंतीवरून पाच ते सात मिनिटं बघत उभे राहतात. नुसतं गवत दिसतं तिथे. गवताकडे माणूस सात मिनिटं का बघेल?

नवऱ्याचं म्हणणं, “त्यांना आवडत असेल.”

माझ्या नवऱ्याला जगात सगळ्यांना सगळं आवडत असेल असं वाटतं. म्हणून घरात दुसऱ्या कुणीतरी संशय घेणं भाग पडतं. ते काम माझ्याकडे आहे.

संशयाला कारणही तसंच होतं. त्याच आठवड्यात आम्हाला सोसायटीची तिसरी नोटीस आली होती. ‘आपणांस वापरासाठी दिलेल्या हिरवळीवरील गवत घोट्याच्या वर गेल्याचे निदर्शनास आले आहे. रविवारी सकाळी दहा वाजता पाहणी होईल. गवत घोट्याच्या वर आढळल्यास हिरवळ बंद करून तेथे फरशा बसवून दुचाकींसाठी पार्किंग करण्यात येईल.’ खाली सचिवांची सही. सही इतकी वळणदार की तिला वेगळी जागा लागते.

आता हा तुकडा म्हणजे काही राजवाड्याची बाग नव्हे. पण लेक तिथे चालायला शिकली. धडपडली तर गवतावर धडपडते, रडते, उठते. आमच्या इमारतीत एवढीच एक जागा आहे जिथे मागे येणारं चाक नाही. तिथे पार्किंग झालं असतं, तर आमच्या उंबऱ्यापासून दोन हातांवर बारा स्कूटर मागे-पुढे झाल्या असत्या आणि अडीच वर्षांच्या पोरीची उंची आरशात न दिसण्याइतकीच असते. हे मी तीन रात्री मोजत होते.

आणि काकांच्या दाराशेजारी, ताडपत्रीखाली, दोरीने आवळून, काहीतरी झाकून ठेवलेलं होतं. कमरेइतकं उंच, एक दांडा बाहेर आलेला. मोटरसायकल. दुसरं काय असणार? पार्किंगची वाट बघणारी मोटरसायकल.

त्यामुळे काका जेव्हा म्हणाले, “ताई, चार दिवस पाऊस लागलाय. ओल्या गवतावर मशीन चालवू नका. मंगळवारपर्यंत ऊन खाऊ द्या त्याला,” तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट वाजली. मंगळवार. पाहणी रविवारी आणि हे मंगळवार म्हणतात. हिशेब सरळ होता.

“बरं,” मी म्हणाले, आणि आत येऊन लिहिलं: ‘६:३५. काकांनी मंगळवार सुचवला.’

शनिवारी सकाळी मी मशीनसाठी अर्ज केला. सोसायटीचं पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन पंपरूममध्ये असतं. पंपरूमची किल्ली सचिवांकडे असते, आणि सचिव अर्जाशिवाय किल्ली देत नाहीत. पूर्वी ते कुठल्याशा खात्यात होते. निवृत्तीनंतर खातं सुटलं, सवय सुटली नाही.

“कारण लिहिलेलं नाही,” ते म्हणाले.

“गवत कापायच्या मशीनसाठी अर्ज आहे, साहेब.”

“ते झालं मशीन. कारण?”

मी ‘कारण: गवत’ असं लिहिलं. मग माझाही तोल जरा गेला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: ‘नोटिशीत घोटा म्हटले आहे. कोणाचा घोटा, याचा लेखी खुलासा व्हावा. माझा, माझ्या पतीचा व माझ्या मुलीचा घोटा यांत बराच फरक आहे.’

मला वाटलं होतं, हा टोमणा आहे. सचिवांच्या चेहऱ्यावर मात्र इतका आनंद उमटला की मीच चपापले. बऱ्याच वर्षांत त्यांना कुणी खरा प्रश्न विचारला नसावा.

“मुद्दा रास्त आहे,” ते म्हणाले. “जुनी इतिवृत्तं काढावी लागतील.”

किल्ली मिळाली. मशीनबरोबर एक नोंदवही होती, तिच्या आतल्या पुठ्ठ्यावर कुणीतरी जाड पेनने लिहिलं होतं: ‘ओल्या गवतात चालवू नये.’ खाली मैदानकाकांची सही. हा माणूस कुठवर पोचला आहे बघा, मी नवऱ्याला म्हणाले. नवरा म्हणाला, “म्हणजे खरंच चालवायचं नसेल.” अशा वेळी मी त्याच्याकडे एका विशिष्ट प्रकारे बघते आणि तो मशीन ओढायला लागतो.

अर्थात ओल्या गवतात मशीन घालण्याइतकी मी अडाणी नाही. मी पदवीधर आहे. गवत ओलं असेल तर आधी ते वाळवावं, हा विचार मला सुचला, आणि तो अजूनही मला वरवर पाहता चुकीचा वाटत नाही. वरच्या मजल्यावरच्या मावशी गॅलरीतून बघत होत्या. त्या समितीवर आहेत, त्यामुळे त्यांचं बघणं अधिकृत असतं.

“चादरी अंथर,” त्या म्हणाल्या. “जुन्या. पाणी ओढून घेतात. आणि वरून चाल.”

घरात जुन्या चादरी तीन होत्या. मग मध्यम जुन्या दोन आल्या. शेवटी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या दोन आल्या. सात चादरी हिरवळीवर पसरून आम्ही तिघं त्यांवरून गंभीरपणे फेऱ्या मारत होतो. लेक सर्वांत मन लावून चालत होती. येणारेजाणारे थांबून बघत होते. “काय धार्मिक आहे का?” असं एकाने विचारलंही. चादरी पिळल्या की दोन बादल्या पाणी निघायचं आणि गवत होतं तितकंच ओलं असायचं.

“टेबलफॅन लाव खिडकीतून,” मावशी म्हणाल्या.

नवरा फॅन आणायला निघाला. ओलं गवत, लांब वायर आणि उघड्या पायांची लेक हे तिन्ही माझ्या डोळ्यांपुढे एकदम आले आणि मी त्याला दारातूनच परत पाठवलं. ते एक शहाणपण त्या दिवशी माझ्या हातून घडलं. त्याची वेळ मी लिहिली नाही.

चार वाजता मी जाहीर केलं की गवत पुरेसं कोरडं आहे. भिंतीपलीकडून आवाज आला, “नाही हो, ताई.”

मी ऐकलं नाही असं दाखवलं. लेकीने मात्र ऐकलं. ती भिंतीपाशी गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “आजोबा, आई म्हणते तुम्ही सारखं बघता.”

मग काका म्हणाले, “बघतो खरा,” आणि आत गेले. मला अतिशय लाज वाटायला हवी होती. ती वाटू नये म्हणून मी त्यांच्या बाजूची खिडकी घट्ट लावून घेतली आणि नवऱ्याला मशीन चालू करायला सांगितलं.

मशीन चार पावलं गेलं आणि गुदमरलं. पोटात ओलं गवत गच्च बसलं होतं. नवरा खाली हात घालणार तेवढ्यात मी त्याचा शर्ट मागून धरला, मशीन बंद करायला लावलं, प्लगची वायर काढायला लावली आणि मगच स्वयंपाकघरातला कालथा हातात दिला. कालथ्याने भिजलेल्या टॉवेलसारखा एक गोळा बाहेर निघाला. पुन्हा चार पावलं. पुन्हा गोळा. असे एकतीस गोळे निघाले. मध्येच नवऱ्याचा पाय सरकला आणि तो बसला. पडला म्हणणं बरोबर नाही, कारण त्याने अगदी सावकाश, विचार केल्यासारखी बैठक मारली, आणि वर मावशींकडे बघून म्हणाला, “जरा टेकलो.” त्या पँटचा मागचा भाग अजून हिरवा आहे.

मग मी मशीन हातात घेतलं. मऊ जमिनीत चाकं रुतत होती. वळवायला गेले की एक चाक जागच्या जागी फिरायचं आणि गवत मुळासकट वर यायचं. हिरवळीवर दोन समांतर चर पडले, जणू कुणी छोट्या आगगाडीची सोय करतंय. पण कडेला उभं राहून बघितलं, तर गवत खाली गेलेलं दिसत होतं. सपाट. घोट्याच्या कितीतरी खाली. मी चारही बाजूंनी फोटो काढले.

प्रश्न उरला एकतीस गोळ्यांचा. नवरा ते टोपलीत घालून कचऱ्याच्या खोलीकडे गेला आणि तसाच परत आला.

“वॉचमन म्हणतो, शनिवारी फक्त सुका कचरा.”

“गवत आहे म्हणावं.”

“म्हटलं. तो म्हणाला, ओलं आहे.”

अख्ख्या सोसायटीत गवत ओलं आहे हे न मानणारी मी एकटीच उरले होते. शेवटी काही गोळे हिरवळीवरच सोडले आणि बाकीचे काकांच्या आणि आमच्या घरामधल्या बोळात, फरशीवर, भिंतीला लागून ठेवले. सोमवारी ओला कचरा. हिशेब पुन्हा सरळ होता.

रविवारी लख्ख ऊन पडलं. मी लवकरच उठले होते. काकांचा पेपर सहा वाजता त्यांच्या पुढच्या दाराशी पडतो आणि सहा दहाला ते उचलतात. यात गेल्या अकरा महिन्यांत दोन मिनिटांपलीकडे फरक पडलेला नाही. वही साक्षीला आहे. त्या दिवशी साडेसहाला पेपर तिथेच होता. सातला होता. नऊलाही होता. मी लिहिलं: ‘पेपर मुद्दाम उचललेला नाही. तोंड चुकवत आहेत.’

दहाला सचिव आले. हातात प्लास्टिकची पट्टी, काखेत एक जुनं बाड. मागून मावशी आल्या. सचिवांनी हिरवळीकडे पाहिलं, चरांकडे पाहिलं, आणि ते मान डोलावणार एवढ्यात ऊन इमारतीच्या कोपऱ्यावरून पुढे सरकलं आणि हिरवळीवर आलं.

आधी मला वाटलं, डोळ्यांना भास होतोय. कडेची एक काडी हळूच वर झाली. मग तिच्याशेजारची. ओल्या गवतावरून मशीन जातं तेव्हा ते फारसं कापलं जात नाही, नुसतं आडवं पडतं, हे मला आता माहीत आहे. वाळलं की ते उठतं. समितीसमोर, रविवारी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी ते उठत होतं. कसलीही घाई न करता, एकामागून एक, झोप पूर्ण झालेल्या माणसांसारखं.

“आई,” लेक म्हणाली, “गवत उठलं.”

आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. पाच मिनिटं, सात मिनिटं. गवताकडे सात मिनिटं बघता येतं, हे मला तिथे प्रथमच कळलं.

मग सचिवांनी बाड उघडलं. “आपण विचारलेल्या मुद्द्याचा खुलासा सापडला आहे,” ते म्हणाले. “पहिल्या वर्षीच्या सभेचा ठराव क्रमांक नऊ. ‘गवताची उंची घोट्यापर्यंत असावी. घोटा प्रमाण म्हणून मैदान सांभाळणाऱ्या सभासदांचा धरावा, कारण त्यांना त्यातले कळते.’ म्हणजे मैदानकाकांचा. मोजणी त्यांच्या घोट्यानेच होईल. बोलवा त्यांना.”

लेकीचं अंगण माझ्या मुख्य संशयिताच्या घोट्यावर येऊन थांबलं होतं.

मावशींनी बेल वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली.

“बाहेर गेले असतील,” सचिव म्हणाले.

“नाहीत गेले,” माझ्या तोंडून निघून गेलं. “ते सहा दहाला पेपर घेतात, आठला पंप चालू झाला की पाणी भरतात, साडेनऊला भाजीला जातात. आज पिशवी खिडकीलाच आहे. आणि पेपर घेतल्याशिवाय ते काहीच करत नाहीत.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. “तुला ग हे सगळं कसं माहीत?” मावशी म्हणाल्या.

उत्तर द्यायला मी थांबले नाही. एव्हाना माझ्या संशयाने पहिल्यांदाच दिशा बदलली होती. मी बोळातून धावले. बोळात फरशीवर गवताचा एक गोळा लांबवर फरफटत गेलेला होता, शेजारी काकांची एक चप्पल, आणि त्यांच्या मागच्या दाराकडे जाणारी हिरवी रेघ. दार लोटलेलं होतं.

काका स्वयंपाकघराच्या फरशीवर, ओट्याला पाठ लावून बसले होते. उजवा पाय उलट्या बादलीवर ठेवलेला. शेजारी माझ्या हिरवळीवरच्या गोळ्यांनी भरलेली टोपली.

“या,” ते म्हणाले. “चहा नाही करू शकत.”

“काका, कधीपासून असे आहात?”

“पहाटे साडेपाच. गोळे तसेच राहिले तर खालचं गवत गुदमरून पिवळं पडतं. म्हटलं, तुमची पाहणी आहे, उचलून टाकू. हिरवळ झाली साफ. बोळात पाय सरकला. फोन पुढच्या खोलीत आहे.”

“हाक का नाही मारली?”

“मारली की. तुमची खिडकी बंद होती.”

माझी वही माझ्याच हातात होती. त्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘५:४०. काका खोकले. मुद्दाम.’ बंद खिडकीतून त्यांची हाक मला खोकल्यासारखी ऐकू आली होती. आयुष्यात इतकी अचूक आणि इतकी चुकीची नोंद मी दुसरी केलेली नाही.

मी त्यांच्या डोक्यामागे उशी दिली, पाणी दिलं, नवऱ्याला बर्फ आणायला पाठवलं. तेवढ्यात सचिव दारातून आत आले, सगळं पाहिलं, मनापासून हळहळले आणि मग पट्टी घेऊन गुडघ्यावर बसले.

“अहो, आत्ता?” मावशी म्हणाल्या.

“नोटिशीत दहाची वेळ आहे. आधीच उशीर झालाय.” त्यांनी पायाभोवती पट्टी फिरवली, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. पाय पोटरीपासून बोटांपर्यंत एकसारखा फुगला होता. “घोटा कुठे आहे?”

“पहाटेपर्यंत होता,” काका म्हणाले.

“डावा चालेल का?” मी हळूच विचारलं.

“ठरावात डावा-उजवा नाही,” काका म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे नजर टाकली. “पण सभेत मी उजवाच पुढे केला होता. मला आठवतंय.”

सचिवांनी पेन काढलं. तिथेच, ओट्यावर बाड ठेवून त्यांनी लिहिलं: ‘प्रमाण घोटा उपलब्ध नसल्याने पाहणी स्थगित. घोटा पूर्ववत झाल्यावर पुढील तारीख कळवण्यात येईल.’ मग टोपण लावत म्हणाले, “तसं यांनी गुरुवारीच तुमच्यासाठी मुदतवाढ मागितली होती. पाऊस आहे, मंगळवारपर्यंत गवत कापू देऊ नये म्हणून. अर्जावर तुमची सही नव्हती, म्हणून मी तो फेटाळला.”

मी ओट्यावरचा एक स्वच्छ कप पुन्हा धुवायला घेतला.

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, लिगामेंट दुखावलंय, तीन आठवडे. “कसं झालं?” त्यांनी विचारलं. “ओल्या गवतामुळे,” काका म्हणाले. कुणाचं गवत, ते म्हणाले नाहीत. मी ते चालू दिलं नाही. “माझं होतं,” मी म्हणाले. डॉक्टरांना दोन्ही माहितींचा उपयोग नव्हता.

गवताचं पुढे जे व्हायचं ते झालं. नीट कापलं न जाता ओरबाडलं गेल्यामुळे त्याची टोकं भाजल्यासारखी तपकिरी झाली. चर वाळून कडक झाले आणि लेक त्यांत दोनदा पडली. काकांनी गोळे उचलले होते तिथे ते हिरवं राहिलं. एक गोळा कोपऱ्यात नजरेतून सुटला होता, तिथे ताटाएवढा पिवळा डाग पडला. ते सगळं दुरुस्त करायला काका आमच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले, पाय स्टुलावर. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे बागकामाच्या काट्याने माती उकरायचे. “आत्ता नको,” ते म्हणायचे. “अजून ओलं आहे.” मग आम्ही तिघं नुसते बघत बसायचो. मी वेळ लिहीत नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात ते मला म्हणाले, “पोरी, आता ती ताडपत्री काढ.”

खाली रोलर होता. हिरवळ दाबायचा, हाताने ओढायचा, लांब दांड्याचा लोखंडी रोलर. नोकरीतून निघताना क्रीडांगणाच्या लोकांनी काय हवं विचारलं, तेव्हा त्यांनी तो मागून घेतला होता. अकरा महिने मी त्याला मोटरसायकल म्हणून वहीत लिहीत होते.

“माझ्याकडे हिरवळ नाही,” ते म्हणाले. “म्हणून बघायचो.”

चोविसाव्या दिवशी पाहणी झाली. घोटा परत आला होता, पण पूर्वीपेक्षा जरा वर आणि जरा जाड, असं सचिवांच्या पट्टीचं मत पडलं. तशी दुरुस्ती ठराव नऊमध्ये झाली आहे. गवत, मंगळवारी, उन्हात, दव सुकल्यावर कापलेलं, त्याच्या बोटभर खाली निघालं. अंगण राहिलं. लेक तिथे रोज धडपडते.

खिडकी मी आता उघडी ठेवते. वही बंद केलेली नाही, आणि करणारही नाही. फक्त त्या पानांवर आता ‘पेपर घेतला’ एवढंच असतं आणि ते लिहून झाल्यावर मला चहा गोड लागतो.

आता तुम्हाला एक काम सांगते. तुमच्याही भिंतीपलीकडे असं एकटं कुणीतरी असेल. तुम्हाला नको तेव्हा सल्ला देणारं, उगाच बघत उभं राहणारं, कशावर तरी ताडपत्री टाकून ठेवणारं. उद्या सकाळी त्यांच्या दारावरून एक चक्कर मारा. पेपर आत गेलाय का, बघा. गेला नसेल तर बेल वाजवा. कुणी आलं नाही तर मागच्या दाराने जा. कुणी विचारलं तर सांगा, संशय आला. आणि आतून खोकल्याचा आवाज आला, तर तो मुद्दाम आहे असं समजूनच जा.